कोव्हाच, श्टेफान

कोव्हाच, श्टेफान : (२ ऑक्टोबर १९२०–१२ मे १९९५). रूमानियन फुटबॉलपटू व प्रशिक्षक. ॲम्स्टरडॅमच्या ‘आयाक्स’ या संघाला १९७२ व १९७३ अशी लागोपाठ दोन वर्षे यूरोपीय विजेत्या संघांचा चषक मिळवून देणारा प्रशिक्षक म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याच्यापूर्वी हा चषक सलग दोनदा जिंकण्याचा मान होसे व्हीयालाँगा, लुइस कार्निल्या, बेला गुटमान व एलेन्यो एरेरा या चौघाच प्रशिक्षकांना लाभला होता. या चौघांपैकी गुटमान आणि एरेरा यांच्या नावांभोवती पुढे आख्यायिकांचे वलय निर्माण झाले. कोव्हाचच्या वाट्याला मात्र तशी निर्विवाद कीर्ती आली नाही. त्याने मिळविलेल्या विजयांविषयी कोणीच शंका घेत नाही. शंका घेतली जाते ती ते विजय त्याचे होते की काय, याविषयी. फुटबॉलच्या इतिहासात एखाद्या संघाच्या यशाचे श्रेय खेळाडू, विद्यमान प्रशिक्षक आणि पूर्वीचा प्रशिक्षक यांत कसे वाटावे, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. त्या प्रश्नाचे कोव्हाचइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याचा जन्म तिमिश्वारा या शहरी एका हंगेरियन भाषिक कुटुंबात झाला. त्याचे हंगेरियन नाव इश्तव्हान. कोव्हाच या आडनावाचा त्या भाषेतील अर्थ ‘लोहार’ असा आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. कोव्हाचच्या जन्मापूर्वी चारच महिने, ४ जून १९२० रोजी झालेल्या त्रिआनोंच्या तहान्वये ते रूमानियाकडे गेले. रूमानियन, हंगेरियन, जर्मन, सर्ब व ज्यू अशा अनेक समाजांची वस्ती असलेल्या या शहरात फुटबॉल लवकर रुजला. येथील ‘किनेझुल’ या संघाने १९२२ ते १९२७ या काळात रूमानियाचे अजिंक्यपद सलग सहा वेळा पटकाविले आणि १९२८ मध्ये स्थापन झालेला ‘रिपेन्सिया’ हा त्या देशातील पहिला व्यावसायिक संघ ठरला. कोव्हाचच्या घरातही हा खेळ होताच. त्याचा थोरला भाऊ निकोलाए हा १९३०, १९३४ व १९३८ या महायुद्धपूर्व काळातील तिन्ही विश्वचषक स्पर्धांत रूमानियाकडून खेळला. हे भाग्य सर्व देश मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच खेळाडूंना लाभले.

धाकट्या भावाला एवढी उंची गाठता आली नाही. श्टेफान हा मध्यफळीतील समजदार खेळाडू होता. पण राष्ट्रीय संघात त्याची वर्णी कधीच लागली नाही. तरुणपणी काही काळ तो बेल्जियममधील शार्लर्वा येथे खेळला. युद्धाच्या धामधुमीत तो परतला आणि त्याची पुढील कारकीर्द मुख्यतः क्लूज या ट्रान्सिल्व्हेनियातील शहरात गेली. १९४० ते १९४४ या काळात हे शहर पुन्हा हंगेरीच्या ताब्यात होते व तेथील संघ हंगेरीच्या साखळी स्पर्धेत खेळत असे. सरहद्द दोनदा बदलली, तरी मैदान तेच राहिले. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला अनेक भाषा अवगत असणे व परक्या लोकांत सहज मिसळता येणे हे ओघानेच आले. फ्रेंच भाषिक शार्लर्वातील वास्तव्याचाही त्याला पुढे उपयोग झाला असावा.

खेळाडू म्हणून निवृत्त होता होताच त्याने क्लूजमधील संघांना प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. १९६० नंतरच्या काही वर्षांत तो राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात होता. १९६७ मध्ये बूकारेस्टच्या ‘स्टाउआ’ या सैन्यदलाच्या संघाची सूत्रे त्याच्याकडे आली. या संघाला १९६० नंतर अजिंक्यपद मिळाले नव्हते. कोव्हाचच्या पहिल्याच मोसमात, म्हणजे १९६७–६८ मध्ये, ते मिळाले. त्यानंतर १९६९, १९७० व १९७१ अशी तीन वर्षे स्टाउआने रूमानियन चषक जिंकला. मायदेशात त्याचे नाव झाले, परंतु लोखंडी पडद्यापलीकडे ते फारसे कोणाच्या कानी गेले नव्हते.

नेदर्लंड्समध्ये याच सुमारास एक मोठी जागा रिकामी झाली होती. आयाक्सचा प्रशिक्षक रीनुस मिखेल्स याने १९६५ पासून सहा वर्षांत एका सामान्य संघाला यूरोपातील अग्रगण्य संघ बनविले. २ जून १९७१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ग्रीसच्या पानाथिनाइकोसचा २–० असा पराभव करून आयाक्सने यूरोपीय चषक प्रथमच जिंकला आणि त्यानंतर मिखेल्स बार्सेलोनाला निघून गेला. मिखेल्सची शिस्त कडक होती. त्याला ‘सेनापती’ असे टोपणनाव पडले होते. प्रतिपक्षाला त्याच्याच भागात कोंडून चेंडू हिसकावणे, बचावफळी पुढे आणून मैदान आखूड करणे आणि जागा सोडून गेलेल्या खेळाडूची उणीव दुसऱ्याने तत्काळ भरून काढणे, ही त्याच्या पद्धतीची प्रमुख अंगे होत. पुढे ही पद्धती ‘टोटल फुटबॉल’ या नावाने सर्वत्र ओळखली जाऊ लागली. आयाक्सच्या चालकांनी मिखेल्सच्या जागी कोव्हाचची निवड केली, तेव्हा डच वृत्तपत्रांना व खेळाडूंनाही आश्चर्य वाटले. इतर उमेदवारांच्या मानाने त्याची वेतनाची मागणी कमी होती, हेही निवडीचे एक कारण होते असे म्हणतात.

त्याच्या आगमनाविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिल्या सरावाच्या वेळी खेळाडूंनी त्याची परीक्षा पाहण्यासाठी गुडघ्याच्या उंचीवरून वेगाने चेंडू त्याच्याकडे मारला. त्याने तो सहज अडवून परत धाडला. दुसऱ्या गोष्टीनुसार, आपल्या लांब केसांविषयी त्याचे मत काय, असे एका खेळाडूने विचारता, आपली नेमणूक प्रशिक्षक म्हणून झाली आहे, न्हावी म्हणून नव्हे, असे उत्तर त्याने दिले. या गोष्टी सांगोवांगीच्या असतील. तथापि त्या काळच्या ॲम्स्टरडॅममध्ये केसांची लांबी हा क्षुल्लक विषय नव्हता. तेथील तरुण पिढीने १९६० नंतरच्या दशकात वडीलधाऱ्यांच्या अधिकारालाच आव्हान दिले होते आणि आयाक्सचे खेळाडू त्याच पिढीतील होते. सहा वर्षे सेनापतीच्या हुकमतीखाली काढलेल्या या मंडळींना समोर उभा असलेला पन्नाशीचा, हसतमुख आणि समजूतदार माणूस वेगळाच भासला.

कोव्हाचने मिखेल्सची मूळ चौकट मोडली नाही. निवृत्त झालेल्या व्हेलिबोर व्हासोव्हिचच्या जागी होर्स्ट ब्लांकेनबुर्ख हा बचावफळीत स्थिरावला. पाय मोडल्यामुळे वेम्ब्लीच्या सामन्यास मुकलेला रूड क्रोल परतला. आरी हान मध्यफळीत योहान नेस्केन्स व गेरी म्यूरन यांच्या जोडीला आला. पुढे जॉनी रेप या तरुण खेळाडूला आघाडीवर स्थान मिळाले. याहून महत्त्वाचा बदल कागदावर दाखविता येण्याजोगा नाही. मिखेल्सच्या काळात जागांची अदलाबदल ठरलेल्या मर्यादेत होत असे. कोव्हाचने ती मर्यादा सैल केली. विम सुर्बीर व क्रोल हे बाजूचे बचावपटू प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत धावत जाऊ लागले आणि त्यांच्या मोकळ्या जागी आघाडीचे खेळाडू मागे येऊ लागले. योहान क्रॉइफ तर मैदानावर कोठेही आढळे व तेथूनच इतरांना जागा दाखवी.

याचे फळ पहिल्याच मोसमात दिसून आले. १९७१–७२ च्या डच साखळी स्पर्धेत आयाक्सने ३४ पैकी ३० सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडविले व १ गमावला. १०४ गोल केले आणि २० स्वीकारले. मे १९७२ मध्ये व्हिटेस संघाचा त्यांनी १२–१ असा धुव्वा उडविला. डच चषकही त्यांनी जिंकला. यूरोपीय चषकात ड्रेस्डेन, मार्से, आर्सेनल व बेन्फिका यांना मागे टाकून ते अंतिम फेरीत पोहोचले. ३१ मे १९७२ रोजी रॉटरडॅम येथे इटलीच्या ‘इंटरनात्सिओनाले’ संघाशी त्यांची गाठ पडली. एरेराने याच संघाला १९६४ व १९६५ मध्ये हा चषक मिळवून दिला होता व त्याच्या बचावप्रधान ‘कातेनाच्यो’ पद्धतीतील माझोला, फाक्केत्ती, बुर्नीच हे खेळाडू अजूनही संघात होते. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. उत्तरार्धात क्रॉइफने दोन गोल केले. २–० हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु इटालियन संघाला त्या दिवशी आपल्या अर्ध्या भागातून बाहेर पडणेही कठीण झाले होते. केवळ बचावाच्या बळावर यूरोप जिंकता येतो, ही समजूत या सामन्याने मागे पडली, असे बहुतेक जाणकार मानतात. साखळी, राष्ट्रीय चषक आणि यूरोपीय चषक हे तिन्ही एकाच मोसमात जिंकण्याचा पराक्रम यापूर्वी केवळ ग्लासगोच्या सेल्टिक संघाने १९६७ मध्ये केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात अर्जेंटिनाच्या इंदिपेंदिएन्ते संघाला नमवून (१–१ व ३–० ) आयाक्सने आंतरखंडीय चषक मिळविला आणि जानेवारी १९७३ मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स संघावर दोन्ही सामन्यांत मात केली. हे दोन सामने म्हणजे पुढे रूढ झालेल्या यूरोपीय महाचषकाची सुरुवात होय, जरी त्या वर्षी यूरोपीय महासंघाने त्यांस अधिकृत मान्यता दिली नव्हती.

विशेष हे, की या यशाच्या ऐन भरात कोव्हाचची नोकरी जाण्याची वेळ आली होती. १९७२ च्या वसंत ऋतूत, बेन्फिकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यांच्या सुमारास, संघातील शिस्त बिघडत असल्याच्या तक्रारी त्याच्या सहकाऱ्यांनीच चालकांपुढे मांडल्या आणि चालकांनी त्याला दूर करण्याचे ठरविले. खेळाडू विरोधात उभे राहिल्यामुळे तो निर्णय मागे पडला. काही आठवड्यांनी त्याच्या हाती तीन करंडक आले. या प्रसंगात त्याच्या सबंध कारकीर्दीचे मर्म सापडते : ज्या मोकळीकीमुळे संघ असा खेळत होता, तीच त्याच्या टीकाकारांना ढिलाई वाटत होती. दोन्ही पक्ष एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत होते.

दुसऱ्या मोसमातही यश ओसरले नाही. ३४ पैकी ३० सामने पुन्हा जिंकले गेले. ७ मार्च १९७३ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये बायर्न म्यूनिकचा ४–० असा पराभव झाला. माइअर, बेकनबाउअर व म्यूलर हे खेळाडू असलेला हा संघ पुढील तीन वर्षे यूरोपीय चषक आपल्याकडे ठेवणार होता, हे लक्षात घेता या विजयाचे मोल कळते. उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर हरविताना गेरी म्यूरनने भर सामन्यात चेंडू पायावर झेलून दाखविला. माद्रिदच्या प्रेक्षकांसमोर असे करण्याचे धाडस होते की उद्दामपणा, हे सांगणे कठीण. प्रेक्षक मात्र त्या संघाची थोरवी ओळखून होते. ३० मे १९७३ रोजी बेलग्रेड येथील अंतिम सामन्यात यूव्हेंतुसविरुद्ध रेपने पाचव्या मिनिटास डोक्याने गोल केला आणि उरलेला सर्व वेळ आयाक्सने चेंडू आपसांत खेळवीत, फारशी घाई न करता घालविला. सामना १–० असा संपला. ज्यांना कोव्हाचमध्ये दोष दिसतात, ते या सामन्याकडे आत्मसंतुष्टतेचा पुरावा म्हणून पाहतात. एका चेंडूवर प्रतिपक्षाला पाऊण दिवस नाचविण्याइतके प्रभुत्व त्यात इतरांना दिसते.

कोव्हाचविरुद्धचा युक्तिवाद थोडक्यात असा : संघ मिखेल्सने घडविला, खेळ क्रॉइफने चालविला आणि कोव्हाचने घोडा चौखूर उधळला असता केवळ लगाम सैल सोडला, सहा वर्षांच्या शिस्तीची पुंजी त्याने दोन वर्षांत खर्चून टाकली. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तो गेल्यानंतर लगेच, १९७३ च्या उन्हाळ्यात, खेळाडूंनी मतदान घेऊन क्रॉइफऐवजी पीट काइझरला संघनायक निवडले. क्रॉइफ रागावून बार्सेलोनाला गेला, नव्या मोसमात सोफियाच्या संघाने आयाक्सला यूरोपीय चषकाच्या दुसऱ्याच फेरीत बाहेर काढले आणि डच साखळीतही ते तिसऱ्या स्थानावर घसरले. सर्व गोष्टी मताला टाकण्याची सवय खेळाडूंना कोणाच्या काळात जडली, हे सांगण्याची गरज नाही. स्वतः म्यूरनचे मतही, कोव्हाच प्रशिक्षक म्हणून चांगला होता, परंतु फार सौम्य होता, अशा आशयाचे आहे.

तरीही हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. मिखेल्सचाच संघ मिखेल्सच्या हाताखाली १९७१ मध्ये जसा खेळला, त्याहून तो १९७२ मध्ये अधिक मोकळा व अधिक परिणामकारक खेळला, हे त्या दोन्ही वर्षांचे अंतिम सामने पाहिल्यास ध्यानात येते. दोन मोसमांतील साखळीचे ६८ सामने व त्यांतील ६० विजय केवळ पूर्वपुण्याईवर मिळत नाहीत. वारशाने मिळालेला संघ उधळून टाकणारे प्रशिक्षक पुष्कळ झाले आहेत. कशाला हात लावायचा नाही, याची जाण हेही प्रशिक्षकाचे कौशल्यच असते. फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. कोव्हाचचे दुर्दैव असे, की त्याच्या कौशल्याला नाव नव्हते. एरेराच्या नावाशी कातेनाच्यो जोडला गेला, मिखेल्सच्या नावाशी टोटल फुटबॉल. शिवाय १९७४ च्या विश्वचषक स्पर्धेत हीच शैली सर्व जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली, तेव्हा डच संघाच्या प्रमुखपदी मिखेल्स होता. ७ जुलै १९७४ रोजी म्यूनिक येथील अंतिम सामना डच संघाने १–२ असा गमावला, पण लोकांच्या स्मरणात राहिला तो हाच पराभूत संघ आणि त्याचा प्रशिक्षक. दोन वेळा जिंकलेला प्रशिक्षक तोपर्यंत पॅरिसला गेला होता.

फ्रान्सने १९७३ मध्ये राष्ट्रीय संघासाठी परदेशी प्रशिक्षक नेमावा, हीच कोव्हाचच्या तत्कालीन ख्यातीची खूण होय. फ्रेंच फुटबॉल त्या काळी खालावला होता. १९७० व १९७४ या दोन्ही विश्वचषक स्पर्धांच्या अंतिम टप्प्यात त्याला स्थान मिळाले नव्हते. कोव्हाचच्या दोन वर्षांच्या कारकीर्दीत फ्रान्सने १५ सामने खेळून ६ जिंकले, ५ गमावले व ४ बरोबरीत सोडविले. यूरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेच्या पात्रता-फेरीत बेल्जियम व पूर्व जर्मनी यांच्या मागे फ्रान्स तिसरा आला आणि मे १९७५ मध्ये रेक्याविक येथे आइसलँडसारख्या संघानेही त्याला गोलशून्य बरोबरीत रोखले. क्रॉइफ व नेस्केन्स नसतील तर मोकळीकीचा उपयोग काय, असा प्रश्न वृत्तपत्रांनी विचारला नसता तरच नवल. मात्र या काळाचे मूल्यमापन निकालांवरून करणे अपुरे ठरते. तरुण खेळाडूंच्या शास्त्रशुद्ध शिक्षणाची फ्रेंच योजना याच सुमारास आकार घेत होती व कोव्हाचचा तिला पाठिंबा होता. दोमिनिक रोशतो याला राष्ट्रीय संघात प्रथम संधी सप्टेंबर १९७५ मध्ये, त्याच्याच कारकीर्दीत मिळाली. त्याचा सहायक मिशेल हिदाल्गो हा त्याच्यानंतर प्रमुख प्रशिक्षक झाला. मिशेल प्लातीनीचे पदार्पण हिदाल्गोच्या पहिल्याच सामन्यात, मार्च १९७६ मध्ये घडले आणि १९८४ मध्ये फ्रान्सने यूरोपीय अजिंक्यपद पटकाविले. या यशातील कोव्हाचचा वाटा ठरविताना एक गमतीदार उलटापालट दिसते. ॲम्स्टरडॅममध्ये त्याने दुसऱ्याच्या पेरणीचे पीक कापले, असा आक्षेप घेतला जातो. फ्रान्समध्ये त्याच्या पेरणीचे पीक दुसऱ्याने कापले, असे निदान अंशतः म्हणता येते. पहिली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, दुसरी फारशी कोणी सांगत नाही.

१९७६ मध्ये रूमानियाच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे आली. १९७८ च्या विश्वचषकासाठी स्पेन व यूगोस्लाव्हिया यांच्या गटात रूमानियाने १९७७ च्या वसंतात स्पेनला १–० असे व यूगोस्लाव्हियाला त्यांच्या भूमीवर २–० असे हरविले आणि आशा उंचावल्या. परंतु १३ नोव्हेंबर १९७७ रोजी बूकारेस्टमध्ये यूगोस्लाव्हियाविरुद्ध रूमानियाने चार गोल करूनही सामना ४–६ असा गमावला आणि संधी हुकली. दहा गोलांचा हा सामना रूमानियात दीर्घकाळ चर्चेत राहिला. पुढे कोव्हाचने ग्रीसमध्ये पानाथिनाइकोसला व १९८६–८७ मध्ये मोनाको संघाला प्रशिक्षण दिले. ॲम्स्टरडॅममधील यशाची पुनरावृत्ती त्याच्या हातून झाली नाही.

रूमानियन प्रशिक्षकांच्या परंपरेत मात्र त्याचे स्थान पहिले आहे. यूरोपीय चषक जिंकणारा तो पहिला रूमानियन प्रशिक्षक. दुसरा एमेरिक येनेई हा कोव्हाचच्या १९६७–६८ च्या अजिंक्य संघातील खेळाडू, आणि त्याच्यासारखाच हंगेरियन भाषिक. ७ मे १९८६ रोजी सेव्हिल येथे येनेईच्या स्टाउआ संघाने बार्सेलोनाला पेनल्टी किकांवर हरवून हा चषक जिंकला. बार्सेलोनाच्या चारही पेनल्टी किक गोलरक्षक हेल्मुट दुकादाम याने अडविल्या. त्यानंतर मिर्चा लुचेस्कूने तुर्कस्तान व युक्रेन येथील संघांना यूरोपीय करंडक मिळवून दिले. रूमानियन प्रशिक्षकाला परदेशात बोलावणे येते, ही गोष्ट १९७१ पूर्वी नवलाची होती. नंतर ती तशी राहिली नाही. कोव्हाच अखेरीस क्लूजला राहत होता व तेथेच त्याचे निधन झाले.